सर्वेक्षणासाठी ड्रोनची निवड

मोजणीदाराने साखळी घेऊन बांधावरून चालावे, ही पद्धत भारतात दीर्घकाळ रूढ होती. आज तेच काम पुष्कळ ठिकाणी ड्रोन, म्हणजे आत वैमानिक नसलेले लहान विमान, करते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाने ड्रोनच्या साहाय्याने खेड्यांतील वस्तीचे नकाशे तयार करण्याचे काम हाती घेतले. ज्या घराच्या जागेची पूर्वी नोंदच नव्हती, तिच्या मालकीचा कागद अशा नकाशावर अवलंबून असतो. यास्तव साधनाची निवड काळजीपूर्वक केली पाहिजे.

निवडीचा आरंभ विमानापासून न करता मापनापासून करावा. घरे व रस्ते दाखवावयाचे असल्यास साधा कॅमेरा पुरतो. पिकाची स्थिती जाणावयाची असल्यास अवरक्त किरणांची नोंद घेणारा कॅमेरा लागतो. कारण निरोगी पाने हे किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. झाडीखालची जमीन मोजावयाची असल्यास लायडर उपयोगी पडतो. त्याचे काही लेसर-किरण पानांमधील फटींतून खाली पोचतात व परत येतात.

यानंतर उंचीचा विचार येतो. समजा, कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टीवरील एका बिंदूची रुंदी ४ मायक्रोमीटर आणि भिंगाचे नाभीय अंतर १६ मिलिमीटर आहे. १२० मीटर उंचीवरून असा एक बिंदू जमिनीवरील ३ सेंटिमीटर भाग टिपतो. ६० मीटरवरून तो १.५ सेंटिमीटर भाग टिपील. परंतु छायाचित्राचा पट्टाही निम्मा होईल आणि तेच क्षेत्र व्यापण्यास सुमारे दुप्पट फेऱ्या लागतील.

येथेच कायद्याचा संबंध येतो. ड्रोन नियम, २०२१ अन्वये हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत पूर्वपरवानगीवाचून उड्डाण करता येते. विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ही मर्यादा ६० मीटर आहे. अर्थात, तेथे त्याच कामासाठी अधिक बॅटऱ्या व अधिक वेळ हिशेबात धरावा लागतो.

तिसरी बाब वजनाची. एका जागी तरंगणाऱ्या ड्रोनचे वजन दुप्पट झाले व पंखे तेच राहिले, तर लागणारी शक्ती सुमारे २.८ पट होते. म्हणून जड संवेदक चढवताच उड्डाणाचा काळ झपाट्याने घटतो. विमानासारखे स्थिर पंख असलेला ड्रोन तेवढ्याच ऊर्जेत अधिक क्षेत्र व्यापतो. परंतु तो एका जागी थांबू शकत नाही व बहुधा त्याला उतरण्यास मोकळी जागा लागते. कायद्यातील वर्गही वाहिलेल्या भारासह एकूण वजनावर ठरतात: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत सूक्ष्म आणि २५ किलोपर्यंत लहान. सूक्ष्म ड्रोन व्यावसायिक हेतूवाचून उडविणाऱ्यास चालक-प्रमाणपत्र लागत नाही. लहान ड्रोनला ते लागतेच. सारांश, संवेदकाचे काहीशे ग्रॅम कधीकधी वर्गच बदलून टाकतात.

हे नियम मात्र स्थिर राहिलेले नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नागरी ड्रोनच्या उड्डाणांस मनाई केली. डिसेंबर २०१८ पासून परवानगीची पद्धत आली. २०२१ च्या मार्चमध्ये नवे नियम झाले व ऑगस्टमध्ये त्यांचीही जागा दुसऱ्या नियमांनी घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये, काही अपवाद वगळता, परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनची आयात बंद झाली. २०२५ साली नव्या कायद्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. यंत्र शाबूत असूनही ते उडविण्याचा मार्ग बंद व्हावा, असे घडू शकते.

अशा स्थितीत सर्वांत मोठा किंवा सर्वांत नवा ड्रोन हा उत्तम ड्रोन ठरत नाही. अपेक्षित अचूकता देणारा सर्वांत हलका संवेदक प्रथम निवडावा व तो वाहू शकेल असा सर्वांत हलका ड्रोन घ्यावा. संवेदक सहज काढून दुसऱ्या ड्रोनवर बसविता येईल असा असावा, म्हणजे विमान बदलावे लागले तरी मौल्यवान उपकरण वाया जात नाही. त्या नमुन्यास आवश्यक ते प्रमाणपत्र आहे किंवा नाही, सुटे भाग देशात मिळतात किंवा नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. शेवटी, जमिनीवर काही खुणा अचूक मोजून त्यांच्याशी नकाशा ताडून पाहावा. ड्रोन कोणताही असो, ही पडताळणी झाल्यावाचून नकाशातील रेषेवर विश्वास ठेवता येत नाही.