पुणे की कराड?

प्रश्न : मुलीला पुण्यातल्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळतंय, चार वर्षांची फी १२ लाख. कराडच्या सरकारी कॉलेजात आयटी, फी बरीच कमी. ती पुण्यावर अडून बसलीय. कर्ज काढू का?

उत्तर : आधी तिच्यासमोर हिशेब मांडा. दरवर्षी ३ लाख उचललेत, तर १० टक्के सरळव्याजाने हप्ते सुरू होईपर्यंत, म्हणजे पाचव्या वर्षाअखेर, १६ लाख २० हजार होतात. दहा वर्षं महिना २१ हजार! पहिल्या पगारातून भाडं, डबा जाऊन उरतील? मी कराड घेईन; दोन्ही शाखांचा अभ्यासक्रम बराचसा सारखाच.

मात्र उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस असेल, तर २०२४ पासून शिक्षण शुल्क माफ आहे, खासगी कॉलेजातही. मग खुशाल पुणे. फक्त प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही.