आपोआप बरं झालं, म्हणून गप्प बसू नका

डोळ्यापुढे धुरकट आलं होतं, पंधरा दिवसांत गेलं. पाय बधिर पडले होते, चार सलाईन लावली आणि सुटले. हे सांगताना पेशंटचा चेहरा निवांत असतो, आणि मला काळजी तिथंच वाटायला लागते. वय विशी-तिशीतलं, साखर नाही, बीपी नाही, तरी अंगाचा एखादा भाग काही दिवस बंद पडून पुन्हा चालू झाला, तर त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देता येत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदूचा आणि मज्जारज्जूचा आजार सुरुवातीला बहुतेकदा असाच येतो. काही दिवस, काही आठवडे राहतो आणि पुष्कळदा औषध न घेताही ओसरतो. लोक त्या ओसरण्यालाच बरं होणं समजतात. त्या काळात जो कुणी सुई, अर्क किंवा अंगारा दिलेला असतो, श्रेय त्याच्या पदरात पडतं.

शेंद्रा एमआयडीसीत लाइनवर काम करणाऱ्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय सत्तावीस. आधी उजव्या डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं, डोळा फिरवला की आत दुखायचं. मशिनवरचा लाल दिवा त्या डोळ्याला फिक्का, विटकरी दिसायचा. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून झाला. मग आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याचे थेंब. तीन आठवड्यांत नजर परतली आणि घरात त्या थेंबांची बाटली जपून ठेवली गेली. पुढच्या दिवाळीत पावलांपासून बेंबीपर्यंत बधिरपणा चढला, पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटायचं. ‘नस दबली’ असं ठरलं. मालिश झालं, कमरेचा पट्टा आला, बी-12 च्या सुया झाल्या. तेही उतरलं. नंतर लग्न, मूल. बाळंतपणानंतर दुसऱ्या महिन्यात दोन्ही पाय ताठले आणि लघवी अडली. सासूबाई म्हणाल्या, बाळंतवात आहे.

माझ्याकडे ती आली तेव्हा मी डोळ्याचं विचारलं. नवऱ्याला ते ठाऊकच नव्हतं, आणि ती स्वतः म्हणाली, “ते तर बरं झालं होतं ना, म्हणून नाही सांगितलं.” डोळा, मग पोटापर्यंतचा बधिरपणा, मग पाय. तीन वेगवेगळ्या वेळी मज्जासंस्थेच्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी बिघाड झालेला होता. एमआरआयनं पुढचं सांगितलं. आज ती उपचारावर आहे, चालते, मुलीला अंगणवाडीत सोडून येते. पण पहिल्या धुरकट डोळ्यालाच तपासणी झाली असती तर पायातला जो ताठपणा आता कायमचा राहिला आहे, तो टाळण्याची चांगली संधी होती.

का होतं, ते थोडक्यात. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून आपल्याच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. वायरीवरचं प्लास्टिक सोललं की करंट नीट पोचत नाही, तसे निरोप अडखळतात. सूज उतरली की निरोप पुन्हा जाऊ लागतात, पण प्रत्येक वेळी आत थोडं नुकसान साचत जातं. जगभरात सुमारे 29 लाख लोकांना हा आजार आहे, पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून जास्त. आपल्याकडे तो युरोप-अमेरिकेपेक्षा कमी दिसतो, म्हणून पूर्वी हा ‘गोऱ्यांचा आजार’ म्हणून बाजूला टाकला जायचा. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात तो बराच आढळतो हे दाखवून दिलं. एमआरआय गावोगाव पोचल्यावर बाकीच्या समाजांतलेही रुग्ण दिसायला लागले. मराठवाड्यात हा आजार नाही, असं कृपा करून कुणी धरून चालू नये.

आता घाबरू नका. हाताला मुंग्या येणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना एमएस नसतो. रात्री हात उशाखाली दबला, मनगटात नस आवळली, साखर वाढलेली आहे, बी-12 खरंच कमी आहे, अशी साधी कारणं कितीतरी जास्त असतात. मिनिटभर येऊन जाणाऱ्या मुंग्यांनी झोप उडवून घेऊ नका. बी-12 कमी असेल तर सुई जरूर घ्या, पण आधी रक्त तपासा. न तपासता ‘ताकदीची सुई’ मागणं आणि ती देणं, दोन्ही चूक आहे.

मला काळजी वाटते ती 24 तासांपेक्षा जास्त टिकणाऱ्या तक्रारीची, जी तासातासानं, दिवसादिवसानं वाढत जाते. एका डोळ्याची नजर दुखत दुखत मंदावणं. एकाच्या दोन वस्तू दिसणं. पायापासून वर चढणारा बधिरपणा, छातीभोवतीचा किंवा पोटाभोवतीचा आवळपट्टा. मान पुढे वाकवली की पाठीतून पायापर्यंत करंट जाणं. हे लक्षण पेशंट स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. एक पाय फरपटणं, चप्पल नकळत पायातून सुटणं, दारू न पिता झोकांड्या जाणं. लघवीची अनावर घाई किंवा लघवी अडणं. लाजेपोटी सर्वांत जास्त लपवली जाते ती हीच तक्रार. आणि थकवा, पण तो नाइट शिफ्टचा नव्हे. आठ तास झोपून उठल्यावरही भाकरी थापायला हात उचलत नाही, असा थकवा. यातल्या एकानं निदान होत नाही. पण यातलं एखादं आज आहे आणि दुसरं दोन वर्षांपूर्वी येऊन गेलं होतं, तर दोन्ही एकाच बैठकीत डॉक्टरांना सांगा.

तोंड वाकडं झालं, हात-पाय एकाएकी लुळा पडला, बोबडी वळली, तर मात्र हे सगळं विसरा. तो पक्षाघात असू शकतो. तिथं साडेचार तासांच्या आतच रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. सरळ मोठं रुग्णालय गाठा.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. चैत्रात शेंद्र्यात मांगीरबाबाची जत्रा भरते तेव्हा ऊन चाळिशीला टेकलेलं असतं. एमएस असलेल्या माणसाचं अंग तापलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात: नजर मंदावते, पाय गळतात. कढत पाण्यानं आंघोळ केली तरी होतं, तापातही होतं. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊथॉफ यांनी हे 1890 मध्येच नोंदवलं होतं. हा आजाराचा नवा अटॅक नव्हे. सावलीत बसून अंग गार झालं की उतरतं. नवस फेडायला माझी ना नाही. सकाळी लवकर जा, डोक्यावर ओला पंचा ठेवा आणि गोळ्या चुकवू नका.

तपासणीला लोक सर्वांत जास्त बिचकतात ते पाठीतलं पाणी काढायला. ‘पाणी काढलं की माणूस लुळा होतो’ हे मी आजही दर महिन्याला ऐकतो. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, पण त्यानं लुळेपणा येत नाही. लुळेपणा आजारानं येतो आणि दोष सुईला लागतो. एमआरआय मात्र कमरेपुरता करून भागत नाही. मेंदू आणि मानेचा मणका दिसायला हवा. आपल्याकडे एमएससारखाच दिसणारा एनएमओ नावाचा आजारही आहे, तो एक्वापोरिन-4 या रक्ततपासणीतून ओळखता येतो. त्यात एमएसची काही औषधं उलटतात, त्यामुळे शेजारणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणू नका.

मेडिकलवरून आणलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, मोबाईलवर वाचून घेतलेला ड जीवनसत्त्वाचा भरमसाठ डोस, लाखोंची ‘स्टेम सेल’ जाहिरात: यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. स्टिरॉइडला अटॅकच्या वेळी जागा आहे, तीन ते पाच दिवस शिरेतून, देखरेखीखाली. त्यानं अटॅक लवकर आवरतो, पुढचा अटॅक टळत नाही. पुढचे अटॅक कमी करणारी औषधं वेगळी आहेत आणि ती बरं वाटत असतानाही घ्यायची असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये ग्लॅटिरामर, क्लॅड्रिबिन आणि रितुक्सिमॅब ही औषधं एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. खर्च आहे, म्हणून कामगार विम्याचं कार्ड असेल तर ते वापरा, घाटी रुग्णालयात दाखवा, मुंबईत 1985 साली स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाकडे विचारणा करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एमएस आहे, त्यामुळे प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो. नोकरी जाईल म्हणून सुपरवायझरपासून आजार लपवून उंचावर किंवा भट्टीजवळ काम करत राहू नका.

लग्न मोडण्याचंही काही कारण नाही. या बायका आई होतात. गरोदरपणात अटॅक कमीच होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. म्हणून मुलाचा विचार करण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांशी बोला, काही औषधं त्याआधी थांबवावी लागतात. आजार मुलाकडे जाण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. संसर्गजन्य तर तो मुळीच नाही. सुनेचं ताट वेगळं काढणाऱ्या घरांनी हे नीट वाचावं.

दवाखान्यात येताना जुनी फाईल आणा, फेकून दिली असेल तर आठवून कागदावर लिहा: कोणता डोळा, कोणता पाय, कोणत्या सणाच्या आसपास, किती दिवस राहिलं, त्या वेळी कोणती सुई घेतली. आणि घरातलं असं एक माणूस सोबत आणा, ज्याच्यासमोर तुम्हाला लघवीचंही बोलता येईल.