ई-सिम : किल्ली की पास?

होस्टेलवर कुणाचा फोन पाण्यात पडला ही काही बातमी नव्हे. दर सेमिस्टरला एक-दोन बळी जातातच. मागच्या सेमिस्टरला नंबर माझा लागला. सोमवारी रात्री बाथरूममधल्या बादलीत फोन पडला आणि बाहेर काढेपर्यंत स्क्रीन काळीठिक्कर. रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला, पण व्यर्थ!

रूममेट म्हणाली, "रडतेस काय? माझा जुना फोन घे, सिम काढ आणि त्यात घाल." मी टाचणी शोधायला लागले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. काढायला सिमच नव्हतं! तीन महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेने मी ई-सिम करून घेतलं होतं. म्हणजे फोनबरोबर नंबरही बादलीत.

त्या आठवड्यात ई-सिमबद्दल मी जे शिकले ते कुठल्याच लेक्चरला शिकले नव्हते. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

चार दिवसांची कथा

मंगळवारी रूममेटच्या जुन्या फोनवर *#०६# दाबून पाहिलं. ज्या फोनमध्ये ई-सिमची सोय असते त्यात आयएमईआयबरोबर ईआयडी नावाचा ३२ अंकी नंबरही दिसतो. इथे फक्त आयएमईआय दिसला. म्हणजे या फोनला पुन्हा प्लॅस्टिकचं सिमच लागणार. कंपनीचं ॲप म्हणालं, विनंती करा, तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवतो. अहो, पण नंबरच तर बंद आहे! म्हणून कंपनीच्या काउंटरवर गेले.

"नंबर कोणाच्या नावावर आहे?"

"बाबांच्या."

"मग बाबांना घेऊन या."

आपल्यापैकी निम्म्या जणांचे नंबर आई-बाबांच्या नावावर असतील. दहावीनंतर घरच्यांनी घेऊन दिलेला नंबर आपण इंजिनिअरिंगपर्यंत चालवतो. माझे बाबा चिपळूणला, एसटीत. बुधवारी त्यांनी ड्युटी बदलून घेतली, तिथल्या काउंटरवर आधार कार्ड दाखवलं, फोटो काढून घेतला, ५० रुपये भरले आणि नवं सिम घेतलं. ते रात्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांकडे दिलं. गुरुवारी पहाटे पाच वाजता मी स्वारगेटला उभी! काकांनी पाकीट दिलं, वर बाबांनी पाठवलेला लाडवांचा डबाही दिला.

सकाळी सिम सुरू झालं. फोन लागला, नेट चाललं, मी खूश. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस तोच होता. पोर्टल उघडलं आणि ओटीपी मागवला. आला नाही. पुन्हा मागवला, नाही. मग कळलं की सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. बरं, यूपीआय तरी? तेही नाही. नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना आपल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जावा लागतो, त्यावरूनच त्या नंबरची आणि फोनची गाठ बांधली जाते. एसएमएस बंद म्हणजे तोही रस्ता बंद. पर्समध्ये रोख रुपये होते चाळीस.

शुक्रवारी फॉर्म भरला, ५०० रुपये लेट फी देऊन. तेही रूममेटकडून उसने घेतलेले.

आत नेमकं काय असतं?

पहिली सिम कार्डं १९९१ मध्ये जर्मनीच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीसाठी बनवली. तेव्हा कार्ड क्रेडिट कार्डाएवढं असे. पुढे मिनी, मायक्रो, नॅनो असं आकसत गेलं, पण आतला ऐवज तोच राहिला. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, आयएमएसआय नावाचा ग्राहक क्रमांक, जो साधारण १५ अंकी असतो. दुसरी, एक गुप्त किल्ली. तीच किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरही असते. फोन नेटवर्कला जोडताना कंपनी एक यादृच्छिक संख्या पाठवते, सिम किल्ली वापरून तिचं उत्तर काढतं आणि कंपनी ते स्वतःच्या उत्तराशी ताडून पाहते. किल्ली स्वतः कधीच बाहेर पडत नाही.

गंमत म्हणजे कंपनी आपल्याला ओळखते ती आपल्या दहा अंकी मोबाइल नंबरावरून नव्हे. तो नंबर कंपनीच्या डेटाबेसमध्ये आयएमएसआयसमोर लिहिलेला असतो. म्हणूनच सिम हरवलं तरी तोच नंबर नव्या सिमवर मिळतो.

ई-सिममध्ये चिप फोनच्या बोर्डावरच बसवलेली असते आणि तो ३२ अंकी ईआयडी म्हणजे या चिपची ओळख. ग्राहक क्रमांक, किल्ली आणि सेटिंग यांचं मिळून एक प्रोफाइल होतं. ते कंपनीच्या सर्व्हरवरून डाउनलोड होतं आणि नेमक्या त्याच चिपला उघडता येईल अशा कुलपात बंद होऊन येतं. फोनसाठीच्या ई-सिमचे नियम जीएसएमए या संघटनेने २०१६ मध्ये ठरवले. क्यूआर कोडमध्ये प्रत्यक्ष सिम नसतं, सर्व्हरचा पत्ता आणि एक सांकेतिक क्रमांक एवढंच असतं. तो कोड बहुधा एकदाच चालतो. डाउनलोड अर्धवट राहिलं तर नवा कोड मागायची पाळी येऊ शकते.

मग हे प्रोफाइल एका फोनवरून दुसऱ्या फोनवर कॉपी का करता येत नाही? कारण कॉपी झालं तर एकाच किल्लीचे दोन मालक होतील आणि तुमच्या नावाने दुसराच कोणी फोन करेल. म्हणून फोन बदलताना कंपनी जुनं प्रोफाइल रद्द करते, नवं देते आणि डेटाबेसमध्ये तुमच्या नंबरासमोरची नोंद बदलते. काही फोनांत "ट्रान्सफर" असं बटण असतं, पण तेही कंपनीने परवानगी दिली तरच चालतं.

हे सगळं मी बाबांना फोनवर समजावत होते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे "प्रोफाइल", "एन्क्रिप्शन" असं काहीबाही चाललं होतं. बाबा शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे जुनं सिम किल्लीसारखं होतं. ज्याच्या हातात, त्याचं. आणि हे तुझं नवं एसटीच्या पाससारखं. फोटो लावलेला, नाव घातलेला. दुसऱ्याला देता येत नाही. नवा हवा तर पुन्हा खिडकीवर उभं राहायचं."

इतकं सोपं मला सांगता आलं नसतं! प्लॅस्टिकचं सिम एका फोनमधून दुसऱ्यात घालताना कुणालाच विचारावं लागत नाही. ई-सिमच्या बाबतीत दरवेळी खिडकीवर जावं लागतं. आणि खिडकी आली की वेळ, अटी आणि शुल्क हेही आलंच.

शुल्क किती?

हे कंपनीगणिक वेगळं असतं आणि बदलतही असतं. ॲपवरून फुकट होणाऱ्या कामाला काउंटरवर पैसे पडू शकतात. पण माझा हिशेब पाहा : सिमचे ५० रुपये, लेट फी ५०० रुपये, स्वारगेटची रिक्षा आणि बाबांची बदललेली ड्युटी. कंपनीने घेतलेली रक्कम यात सगळ्यात कमी आहे.

अटी कशासाठी?

मला आधी खूप राग आला होता. पण विचार केला तर यातल्या बऱ्याच अटी आपल्यासाठीच आहेत. कुणी तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं तर त्याला तुमचे ओटीपी मिळतील आणि तासाभरात खातं रिकामं होईल. म्हणून सिम बदलल्यावर २४ तास येणारे-जाणारे एसएमएस बंद ठेवावेत असा दूरसंचार विभागाचा २०२२ चा आदेश आहे. तेवढ्या वेळात खऱ्या मालकाला फोन बंद पडल्याचं कळावं हा हेतू. तसंच १ जुलै २०२४ पासून ट्रायच्या नियमाप्रमाणे हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमच्या जागी नवं घेतलं तर पुढचे सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही.

चोरीच्या बाबतीत तर ई-सिम सरसच आहे. चोराला ते काढून फेकता येत नाही. शिवाय पुढचा काळ त्याचाच दिसतो. अमेरिकेत आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, आयफोनला सिमचा खाचाच नाही. २०२५ चा आयफोन एअर तर जगात सगळीकडे तसाच आला. तेव्हा ई-सिम वाईट असं माझं म्हणणं नाही. पास काढताना त्याच्या मागचे नियम वाचावेत, इतकंच.

दुसऱ्या वेळी

दोन महिन्यांनी नवा फोन घेतला, त्यात ई-सिमची सोय होती. या वेळी परीक्षा, फॉर्म, फी काही नाही असा शनिवार निवडला. बाबांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं. जुना फोन चालू ठेवून ॲपवर विनंती केली, ओटीपी लगेच आला. होस्टेलच्या वायफायचा भरवसा नाही म्हणून लायब्ररीत बसून क्यूआर कोड स्कॅन केला. शुल्क शून्य, वेळ दोन तास. एसएमएस रविवारी संध्याकाळी सुरू झाले आणि माझं काही अडलं नाही.

मित्र-मैत्रिणींनो, एवढं करा

१. आपला नंबर कोणाच्या नावावर आहे ते आजच घरी विचारा. अठरा पूर्ण असतील तर तो आपल्या नावावर करून घ्या.

२. कंपनीकडे नोंदवलेला ई-मेल स्वतःचा आणि चालू असलेला ठेवा. काही कंपन्या क्यूआर कोड तिथेच पाठवतात.

३. कोणाचा जुना फोन उसना घेण्याआधी *#०६# दाबून ईआयडी दिसतो का ते पाहा.

४. फोन बदलताना जुना फोन चालू ठेवा. नव्यावर नंबर सुरू होईपर्यंत जुन्यातलं ई-सिम पुसू नका. फोन रीसेट करताना "ई-सिमही पुसू का?" असं विचारलं तर नीट वाचून उत्तर द्या.

५. परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिप, प्लेसमेंटची टेस्ट यांच्या आदल्या दिवशी सिम बदलू नका. २४ तासांची सोय आधीच पाहा.

६. क्यूआर कोड किंवा ओटीपी कुणालाही पाठवू नका. "तुमचं ई-सिम सुरू करून देतो" असा फोन आपणहून आला तर तो ठेवून द्या. फोन अचानक "नो सर्व्हिस" दाखवू लागला आणि आपण काहीच केलेलं नसेल, तर दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा.

७. पाचशेची एक नोट वहीत ठेवा. ही सूचना बाबांची.

फोन आता टेबलावर, बादलीपासून लांब असतो. चिपळूणच्या काउंटरवरून आलेलं ते प्लॅस्टिकचं सिम बंद झालं, पण मी पाकिटात जपून ठेवलंय. त्या रात्री कुंभार्ली घाट ओलांडून ते माझ्यापर्यंत आलं, ते काही कुठल्या सर्व्हरवरून डाउनलोड झालं नव्हतं!