चार्म गुंफण्याआधी धातू ओळखा

कोल्हापुरी साज जवळून पाहिलेल्या माणसाला चार्म ब्रेसलेटचं फारसं नवल वाटत नाही. परंपरेनं साजाला एकवीस पानं असतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूंची आणि एक डोरलं. मासा, कासव, कमळ, शंख, बेलपान असा प्रत्येक आकार काही सांगत असतो. बाळाच्या मनगटातले दृष्टमणी आणि गळ्यातला ताईत याच घराण्यातले. तिकडे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीकडेही मुलागणिक एक अशी नऊ मिन्याची बदामं असलेलं ब्रेसलेट होतं आणि प्रत्येक बदामात त्या त्या मुलाचे केस जपलेले होते. लटकणाऱ्या छोट्या वस्तूत माणूस आपली आठवण, श्रद्धा, माया ठेवत आला आहे. म्हणूनच हा छंद इतका लळा लावतो.

आणि म्हणूनच त्यातला धोका चटकन नजरेत येत नाही.

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या भुलेश्वरात कच्चं सामान घ्यायला गेलेली हौशी मुलगी आधी आकारांवर भुलते. चंद्रकोर, नथ, मोर, इवलीशी चहाची किटली... वजनावर मिळणारी ही पुडी घरी येते तेव्हा ती कशाची बनली आहे, हे विचारायचं राहूनच जातं. बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुणीचंही तसंच झालं. तिनं मामेबहिणीच्या लग्नासाठी ऑक्सिडाइज्ड चार्म गुंफून कानातले केले. दिसायला अप्रतिम. लग्नाच्या गडबडीत ते दिवसभर कानात राहिले आणि दोन दिवसांनी मामेबहिणीच्या कानाच्या पाळ्या लाल होऊन सुजल्या, त्यातून लस येऊ लागली. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी विचारलं, ‘कानात काय घातलं होतं?’

ते होतं जर्मन सिल्व्हर. या मिश्रधातूत चांदीचा कणही नसतो. ढोबळमानानं साठ टक्के तांबं, वीस टक्के जस्त आणि वीस टक्के निकेल, असं त्याचं नेहमीचं प्रमाण. घामानं त्यातलं निकेल थोडं थोडं विरघळतं आणि कातडीत शिरतं. एकदा शरीरानं निकेलशी वैर धरलं की ते सहसा जन्मभर टिकतं. मग घड्याळाचं बक्कल, जीन्सचं बटण, चष्म्याची दांडी, काहीही खाज आणू शकतं. टोचलेला कान ही या वैराची सर्वांत सोपी वाट, कारण तिथे धातू थेट जखमेला लागतो. युरोपीय संघानं १९९४ साली त्वचेला लागणाऱ्या वस्तूंमधून पाझरणाऱ्या निकेलवर कायद्यानं मर्यादा घातली, ती याच कारणानं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घरात लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे निकेल नाही’ असं अनेक जणी ठरवतात. जर्मन सिल्व्हर चुंबकाला चिकटत नाही, तरी त्यात निकेल भरपूर असतं. वरचा मुलामाही भरवशाचा नाही. कडीशी कडी घासून तो सर्वांत आधी तिथेच उडतो. खात्री हवी असेल तर डायमिथिलग्लायऑक्झिमची चाचणी करावी. त्याचे थेंब टाकलेला कापसाचा बोळा धातूवर घासायचा. तो गुलाबी झाला की निकेल पाझरतंय असं समजायचं. बाटली एकदा आणली की पुष्कळ दिवस पुरते, आणि हा छंद मनापासून करणाऱ्या प्रत्येकीकडे ती असावी, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे. कानाच्या तारेसाठी टायटॅनियम किंवा नायोबियम उत्तम. चांदी परवडत असेल तर ९२५ शिक्क्याची घ्यावी. तिच्यात शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी असते आणि उरलेलं बहुधा तांबं. कोल्हापूरजवळचं हुपरी तर चांदीच्या कामासाठीच ओळखलं जातं. तिथल्या घुंगरांचा एक छोटासा घोस साध्या ब्रेसलेटचं रूप पालटून टाकतो.

लहान मुलांसाठी काही करायचं असेल, तर काळजी कितीतरी पटींनी वाढवावी लागते. २००६ साली अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात चार वर्षांच्या एका मुलानं बदामाच्या आकाराचा चार्म गिळला आणि शिशाच्या विषबाधेनं त्याचा मृत्यू झाला. तो चार्म बुटांच्या जोडीसोबत फुकट मिळालेल्या ब्रेसलेटचा होता. तपासणीत त्यात ९९ टक्क्यांहून अधिक शिसं निघालं. तशी तीन लाख ब्रेसलेटं परत मागवावी लागली. २००८ मध्ये तिथे मुलांच्या वस्तूंमधल्या शिशावर कडक कायदा आला आणि पुढे ही मर्यादा दहा लाखांत शंभर भागांवर आणली गेली. शिशाला अटकाव झाल्यावर काही उत्पादक कॅडमियमकडे वळले, तेही विषारीच. २०१० मध्ये ते उघड झालं आणि पुन्हा माल मागे घ्यावा लागला. वजनावर घेतलेल्या बेनाव चार्ममध्ये काय आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. ते मुलांच्या हाती देऊच नयेत. भाचरांसाठी लाकडी मणी, कापडी फुलं, लोकरीचे गोंडे वापरावेत, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला लटकणारं काहीच घालू नये.

रेझिनचा मोह आता सगळ्यांनाच पडतो. पारदर्शक थेंबात बकुळीचं सुकलेलं फूल खरोखर मोहक दिसतं. पण कच्चं रेझिन त्वचेची ॲलर्जी जडवतं. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत, लॅटेक्सचे पुरत नाहीत. खिडकी उघडी ठेवावी, आणि दिव्याखाली पूर्ण कडक न झालेला, बोटाला चिकटणारा तुकडा कुणाच्या गळ्यात जाऊ देऊ नये. दोन भागांचं इपॉक्सी असेल तर माप डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यायचं. पावसाळ्यात कोकणात तर ते धुरकट किंवा चिकट राहतं. हवेतला दमटपणा नडतो.

उरला प्रश्न चार्म हरवण्याचा. बहुतेक चार्म पडतात ते कडी चुकीची उघडल्यामुळे. दोन्ही हातांत पक्कड धरून कडीची टोकं एकमेकांपासून बाजूला फाकवली, तर तिचा गोल मोडतो आणि पुन्हा नीट जुळत नाही. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, असं वळवून उघडावं. बंद करताना टोकं किंचित एकमेकांच्या पुढे नेऊन परत आणावीत. टोकाला टोक घासलं की हाताला बारीक खटका जाणवतो; नखाला फट लागली नाही म्हणजे कडी बसली. जड चार्म असेल तर जाड तारेची कडी घ्यावी किंवा ती सोनाराकडून झाळून घ्यावी. पूर्वीच्या बायका पोत गाठवून घेताना पटवेकऱ्याच्या प्रत्येक गाठीकडे डोळ्यांत तेल घालून पाहत. तीच नजर इथे हवी.

मामेबहिणीचे कान बरे व्हायला वेळ लागला. आता ती तरुणी प्रत्येक दागिन्यासोबत एक चिठ्ठी घालते: तार कशाची, चार्म कशाचा, मुलामा कसला, आंघोळीला काढायचा की नाही. ज्या चार्मचा धातू सांगता येत नाही, तो पुस्तकाच्या खुणेला, किल्लीच्या जुडग्याला किंवा पर्सच्या साखळीला लागतो.