भोर-वेल्ह्याचा आहार : भात आणि नाचणी

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीलगतचे तालुके होत. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी बोलण्यात वेल्हेच चालते. खाचरांत भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी व वरई, ही येथील पिकांची जुनी विभागणी. अलीकडे वरकस जमिनी पड राहू लागल्या असून नाचणी मागे पडली आहे. तिची लावणी, खुरपणी व मळणी कष्टाची. उलट तांदूळ व गहू स्वस्त धान्य दुकानात मिळतात. शेतकऱ्याचा हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र त्यात ताटातून काय कमी झाले, हे धरलेले नसते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमही भरत नाही. गाईच्या दुधात ११८ च्या आसपास असते. नाचणीतील सर्वच कॅल्शियम अंगी लागत नाही, हे खरे. तरीही ज्या घरी दूध विक्रीला जाते, त्या घरातील गरोदर स्त्रीला व वाढत्या मुलाला रोजच्या एक-दोन भाकऱ्यांचा आधार मोठा आहे. शिवाय हे बारीक, टणक धान्य सहसा किडत नाही व वर्षानुवर्षे टिकते.

भात सोडावा असे कोणी सांगणार नाही, व सांगितले तरी इंद्रायणीच्या मुलखात ते कोणी ऐकणार नाही. प्रश्न तो सडण्याचा आहे. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करून घेतला की कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वाचा बहुतांश भाग जातो. जावा बेटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच वैद्य आइकमान यांच्या कोंबड्या असा तांदूळ खाऊन पायांनी लुळ्या पडल्या आणि कोंडा मिळताच सुधारल्या. या शोधासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून घरच्यापुरता तांदूळ कमी सडून घ्यावा. तो एक-दोनदाच धुवावा. भात वेळण्याची रीत असल्यास ते पाणी टाकून न देता आमटीत घालावे.

खरा धोका लहान मुलांना आहे, आणि तोही भातलावणीच्या दिवसांत. आई चिखलात, मूल घरी, आणि त्याच्या वाटीत पाण्यासारखी पातळ पेज, अशी स्थिती पुष्कळदा असते. सहा महिन्यांपर्यंत आईचेच दूध द्यावे. त्यानंतर पूरक अन्न लागते. पातळ पेजेने पोट भरते, पण तीत धान्य थोडे असते. पेज दाट केली तर मुलाला गिळवत नाही. यावर मोड आणलेल्या नाचणीचा उपाय उत्तम आहे. मोड येताना धान्यात पिष्ट मोडणारे विकर तयार होते. त्यामुळे पीठ अधिक घालूनही पेज पातळ राहते व त्याच वाटीत अधिक पोषण मावते. मोडांमुळे नाचणीतील लोह व कॅल्शियमही शरीराला अधिक मिळते.

नाचणी खडे काढून, धुऊन रात्रभर भिजत घालावी. सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधावी. एक-दोन दिवसांत बारीक मोड येतात. मग कडक वाळवून, मंद भाजून, मोड चोळून पाखडावेत. ऊन असताना, ज्येष्ठाच्या आतच हे काम उरकावे.

मोठ्यांच्या बाबतीत एक सवय विशेष नडते. जेवणाला लागूनच चहा घेतल्यास अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. दोहोंत तासाभराचे अंतर असावे. भाकरीबरोबर लिंबू वा आवळा असल्यास लोह अधिक मिळते. पावसाळ्यात बांधावर फुकट मिळणारी कुर्डू, टाकळा, भारंगी यांची भाजी गरिबीचे लक्षण समजून टाळू नये. मात्र ओळख पटल्याशिवाय कोणतीही रानभाजी खाऊ नये.

कार्यकर्त्याने घरी गेल्यावर पिठाचा डबाही पाहावा. पावसाळी हवेत पीठ लवकर खराब होते. म्हणून मोड आणून वाळवलेले धान्यच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे व आठवड्यापुरते दळावे. कुबट वास आलेले पीठ मुलाला देऊ नये. पेज उकळलेल्या पाण्यात, प्रत्येक वेळी ताजी करावी. सकाळची संध्याकाळी देऊ नये.