पुराचा नकाशा कसा बनतो आणि सपाट जमिनीवर कुठे चुकतो

सभासद बांधवांनो, पावसाळा आला की मोबाईलवर पुराचे नकाशे फिरायला लागतात. "इथपर्यंत पाणी येणार" म्हणून निळा रंग दिलेला असतो. त्या रंगावर भरवसा ठेवून होडी-जाळी कुठे ठेवायची? आज हे भोपाळच्या बड्या तलावाचं उदाहरण घेऊन समजून घेऊ.

१) आधी साधा हिशेब
तलावात कोलांस नदीचं पाणी येतं. पाणलोट ३६१ चौरस किलोमीटर, भरलेल्या तलावाचा पसारा सुमारे ३१. समजा पाणलोटात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं. म्हणजे साधारण १ कोटी ८० लाख घनमीटर. भदभदा धरणाची ११ दारं बंद असली, तर तलाव जवळपास दोन फूट चढेल. १६६६.८० फुटांना तलाव पूर्ण भरतो, मग दारं उघडावी लागतात. एवढं कागदावर जमतं.

२) सपाटीची भानगड
उंच काठावर दोन फूट पाणी चढलं तरी फार कळत नाही. पण पश्चिमेला, कोलांस मिळते तिकडे, जमीन सपाट आहे. समजा १००० मीटर चालल्यावर जमीन १ मीटरच चढते. मग पाणी एक फूट चढलं, तर ३०० मीटर आत शिरतं. त्यात भरलेल्या तलावाचा फुगवटा नदीला मागे रेटतो. पाणी पुढे सरकत नाही, बाजूच्या शेतात पसरतं. हे बोटावर मोजता येत नाही, म्हणून कॉम्प्युटर लागतो.

३) कॉम्प्युटर काय करतो?
जमिनीचे छोटे छोटे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनाला जमिनीची उंची देतो. मग दर काही सेकंदांनी बघतो, कुठल्या चौकोनातलं पाणी शेजारी जाईल आणि किती. बेशरमाची झाडी किंवा उभं पीक असेल तिथे पाणी हळू सरकवतो. अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर खात्याचा 'हेक-रास' हा असाच प्रोग्राम. तो फुकट मिळतो.

४) चूक कुठे होते?
उंचीत. फुकट मिळणाऱ्या उंच्यांपैकी बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या उंच्या फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने मोजलेल्या आहेत. त्यात काही मीटरची चूक असू शकते, झाडांचे शेंडेही जमीन म्हणून धरले जातात. डोंगराळ भागात हे खपून जातं. आपल्या वरच्या उदाहरणात मात्र १ मीटरची चूक म्हणजे पाण्याची रेघ १ किलोमीटर इकडे-तिकडे! शिवाय शेताचा बांध किंवा रस्त्याखालची मोरी ३० मीटरच्या चौकोनात दिसतच नाही. पाणी अडतं किंवा वळतं ते तिथेच.

५) आपण काय करायचं?
नकाशा खरा की खोटा, हे मागच्या पुराच्या खुणांवरून तपासतात. त्या खुणा आपल्याला माहीत असतात. म्हणून पाणी सर्वांत वर चढलं की भिंतीवर, खांबावर रेघ मारा. तारीख, वेळ आणि जागा लिहा. फोटो काढताना मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. अशा नोंदी सोसायटीकडे द्या, आम्ही एकत्र करून ठेवू.

आणि हो, निळ्या रंगाची कड म्हणजे भिंत नव्हे. कडेबाहेर कोरडं दाखवलंय म्हणून होडी सोडून घरी जाऊ नका. दारं उघडण्याच्या, पाणी चढण्याच्या सूचनेकडे लक्ष ठेवा आणि होडी-जाळी आधीच उंचावर घ्या.