कैकाडी समाज व त्याची बोली

बेळगाव-निपाणी हा सीमाभाग मराठी व कन्नड या दोन भाषांचा प्रदेश म्हणून सर्वांस परिचित आहे. परंतु याच भागात तिसरी एक भाषा पिढ्यान्‌पिढ्या घरात बोलली जात आली आहे. ती कैकाडी समाजाची बोली होय. मराठी मुलखात ज्यांना कैकाडी म्हणतात, त्यांनाच कन्नड मुलखात कोरव अथवा कोरम म्हणतात. बाजारात मराठी, कचेरीत कन्नड आणि चुलीपाशी आपली बोली, असा या समाजाचा त्रैभाषिक व्यवहार आहे.

परंपरागत व्यवसाय

नदी-ओढ्याच्या काठचे फोक तोडून आणावेत, ते सोलून त्यांच्या टोपल्या, दुरड्या, डालगी व धान्याच्या कणग्या विणाव्यात आणि गाढवांवर लादून गावोगाव विकाव्यात, हा या समाजाचा जुना व्यवसाय. शेतकऱ्याच्या खळ्यापासून कोठारापर्यंत त्यांच्या हातची वस्तू लागे. मात्र ती विणणाऱ्यास गावात कायमची जागा क्वचितच मिळे. पत्र्याची व प्लॅस्टिकची भांडी आल्यावर या धंद्यास उतरती कळा लागली.

भाषेचे कूळ

कैकाडी ही द्राविडी भाषा आहे. परंतु तिचे जवळचे नाते शेजारच्या कन्नडशी नसून दूरच्या तमिळशी आहे. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) कोरव व कैकाडी यांची गणना तमिळच्या बोलींत केली. आंध्र व तेलंगणातील येरुकल ही तिची भगिनी होय. दीर्घ सहवासाने तिच्यात मराठी शब्द मिसळले, तरी मूळ घडण द्राविडीच राहिली.

ही बोली एवढ्या दूर पसरली, यामागे या समाजाचे फिरते जीवन आहे. मद्रास इलाख्यातील कोरव बैलांवर व गाढवांवर मीठ आणि धान्य लादून समुद्रकिनारा व अंतर्भाग यांमध्ये व्यापार करीत. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, सरकारचे मीठविषयक धोरण बदलले आणि हा व्यापार बुडाला.

कायद्याचा कलंक

निर्वाहाचे साधन गेलेल्या या भटक्या लोकांवर पुढे जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला व १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. विजापूर, गदग, हुबळी, सोलापूर येथे वसाहती उभारून अशा जमातींना देखरेखीखाली ठेवण्यात आले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; परंतु मनातील संशय त्याबरोबर गेला नाही. जी भाषा इतरांस कळत नाही ती चोरांची सांकेतिक भाषा, अशी समजूत रूढ झाली. म्हणून अनेक आईबापांनी चारचौघांत मुलांशी ती बोलणे टाळले. वस्तुतः तमिळ साहित्यात ‘कुरवंजी’ हा एक मान्यवर नाट्यप्रकार आहे आणि तो कुरव स्त्रीच्याच नावाने ओळखला जातो.

मराठीत या समाजाचे जीवन लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाने प्रथमच ठळकपणे मांडले. त्यास १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शिक्षकांचे कर्तव्य

कैकाडीस स्वतंत्र लिपी नाही. सिक्कीममधील लेपचा हा समाजही संख्येने लहानच आहे. परंतु त्याच्या भाषेस स्वतःची लिपी आहे व ती तेथील शाळांतून शिकविली जाते. लिपी नाही म्हणून भाषा हीन ठरत नाही; देवनागरीत अथवा कन्नड लिपीत ती लिहिता येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-अ अन्वये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. पाठ्यपुस्तके निघेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही.

पहिलीत आलेले कैकाडी मूल गप्प बसते, ते मंद असते म्हणून नव्हे, तर वर्गातील भाषा त्यास परकी असते म्हणून. शिक्षकाने त्याच्याकडून पाणी, भाकरी, आई यांस घरी काय म्हणतात हे विचारून घ्यावे, ते फळ्यावर लिहावे व सर्व वर्गाकडून म्हणवून घ्यावे. वृद्धांकडून विणकामाचे शब्द, गाणी व गोष्टी टिपून ठेवाव्यात. गावकऱ्यांनीही ही बोली कानी पडताच संशय न घेता ती शेजाऱ्याची मायबोली म्हणून ऐकावी. कायद्याने १९५२ मध्ये पुसलेला शिक्का समाजाच्या मनातूनही पुसला जाणे अगत्याचे आहे.